सुनेची गाडी आणि माझी तेलाची कुपी

ये गं, अशी जवळ ये. कागदावरून का होईना, पण जरा सरकून बस, कारण आधी मला तुझा कान धरायचाय. काल मनमाडहून फोन केलास आणि विचारलंस, "मावशी, जुनी मोटरसायकल घेऊ का?" मी हातातलं काम टाकून सांगायला बसले. हे बघ, ते बघ, असं विचार, तसं विचार. आणि अर्धा तास माझं डोकं खाऊन झाल्यावर म्हणतेस, "म्हणजे घेतलीच आहे गं, तीन आठवडे झाले." मग विचारलंस कशाला? बरं, या तीन आठवड्यांत इंजिनातलं तेल एकदा तरी बघितलंस का, तर म्हणे, "ते कुठून बघतात?" शहाणी ती माझी बाई!

म्हणून लिहायला बसले. आमच्या घरात जुनी गाडी कशी आली, कशी नीट झाली आणि ती नीट होताना मी काय घोळ घातला, ते सगळं लिहिते. घोळाचं तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. वाचून झाल्यावर तिला सांगितलंस तरी चालेल, तेवढीच हसेल.

गाडी खरी माझ्या सुनेची. सून नर्सिंग शिकली ती लग्नानंतर, माझ्या मुलाच्या शिफ्टा सांभाळत. इथल्या एका खाजगी दवाखान्यात दोन वर्षं राबली. मग तिला सुरगाण्याच्या बाजूला, पार आत डोंगरात, एका उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. कंत्राटी का होईना, पण नेमणूक. मुलाखतीत डॉक्टरांनी एकच प्रश्न दोनदा विचारला, "गाडी चालवता येते का?" कारण त्या उपकेंद्राखाली सात पाडे. बाळंतिणीला बघायचं, पोरांना डोस द्यायचे, आणि जीप काही भरल्याशिवाय हलत नाही. आधीची नर्स याच पायी सोडून गेलेली. आमची सून म्हणाली, "येते." घरी आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "आई, मी खोटं बोलले."

तिला येत होती ती मैत्रिणीची बिनगिअरची स्कूटर, तीही कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर. त्या डोंगरात मुरमाचे रस्ते, स्कूटरचं चाक केवढंसं, ते रुतणार. गिअरची गाडी हवी होती आणि चालवायला शिकायला हवी होती. रुजू व्हायला सात आठवडे होते. त्या तारखेला हजर झाली नाही तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावू, असं पत्रातच लिहिलेलं.

मुलगा म्हणाला, "जीपने जाईल. नाहीतर राहू दे."

"राहू दे म्हणजे काय काय राहू दे?" सुनेने विचारलं. "नोकरी राहू दे, का शिकलेलं राहू दे?"

तो इथेच सातपूरला कंपनीत मशीनवर असतो. मशीनपुढे आठ तास उभं राहणारा माणूस तसा कमी बोलतो. जेवून उठल्यावर हात पुसत म्हणाला, "ठीक आहे. पण साधी गाडी. आणि ब्रेक पक्के पाहिजेत. एवढं एकच मी बघणार."

आता मी या सगळ्यात कुठून आले? तर माझं शिलाईचं दुकान तुला माहीतच आहे. त्याला लागूनच चाचांचं गॅरेज. सगळे त्यांना चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणते, तसे ते माझ्याहून दोन वर्षांनी लहानच आहेत. मूळचे मालेगावचे, आधी मागाची दुरुस्ती करायचे, मग गाड्यांची करू लागले. मला टेलरताई म्हणतात. बारा वर्षं आमच्या दोघांच्या शटरमध्ये एक भिंत. माझं मशीन खडखडतं तेव्हा त्यांची गाडी फटफटते. नुसतं ऐकून ऐकून मला कळायला लागलं होतं, कुठल्या गाडीचा प्लग गेलाय आणि कुठल्या गाडीची चेन सैल झालीय. आणि नुसतं ऐकून आलेलं ज्ञान असं असतं, की माणसाला वाटतं आपल्याला सगळंच येतं. ते पुढे येईलच.

गाडी चाचांनीच शोधली. गिरणाऱ्याकडच्या एका दूधवाल्याची. त्याच्या मुलाने दुधाचा धंदा टेम्पोवर नेला, तेव्हापासून गाडी वर्षभर गोठ्यात उभी. शंभर सीसीची, काळी, चार गिअरची, किकवाली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या टांगायचे लोखंडी आकडे. सीट फाटून आतला स्पंज बाहेर आलेला. मी, सून आणि चाचा बघायला गेलो. दूधवाला गाडीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, ही गाडी नाय, माझी म्हैस हाय. सोळा वर्षांत एक दिस खाडा केला नाय तिनं."

मी म्हटलं, "मग विकता कशाला?"

"पोरगं ऐकत नाय. लय दिस आटलीय आता. पण पाजाल तर देईल."

चाचांनी आधी इंजिनाला हात लावला. हे तूही लक्षात ठेव, पुढच्या वेळी. बघायला गेल्यावर इंजिन गरम लागलं, तर तुझ्या आधी कोणीतरी ती चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना ती चालू होत नाही. हिचं गार होतं. आणि चालूही झाली नाही. पण चाचा खूश. म्हणाले, "कम से कम झूठ तो नहीं बोल रही." आर.सी.वरचा नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर त्यांनी बोट फिरवून फिरवून जुळवला. टायर बाजूने चिरलेले निघाले, ते बदलावे लागणारच होते. चेन हातात उचलली तर गंजून काठीसारखी ताठ. तरी ते म्हणाले, "घ्या. इंजिन साफ आहे. बाकी सगळं बदलता येतं."

टेम्पोत टाकून गाडी सातपूरला आणली. गॅरेजमध्ये जागा नसायची तेव्हा ती माझ्या दुकानापुढे असायची, म्हणजे तशी माझ्याच ताब्यात.

तिचं काय काय केलं, ते तुझ्या उपयोगाचं म्हणून सांगते. आधी टाकीतलं पेट्रोल काढलं. वर्षभर उभं राहिलेलं पेट्रोल, त्याला वॉर्निशसारखा वास येत होता. टाकीत आतून गंज. चाचांनी मूठभर जुने नट आणि थोडं पेट्रोल आत टाकलं, झाकण लावलं आणि टाकी मला धरायला देऊन म्हणाले, "टेलरताई, ताक घुसळा." सुनेने आणि मी आळीपाळीने घुसळली. पहिलं पेट्रोल बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं. चार वेळा केलं तेव्हा स्वच्छ झालं. मग एअर फिल्टर उघडला तर आत उंदराने घर केलेलं. द्राक्षाच्या पेटीत घालतात ते कागद कुरतडून इतकी मऊ गादी केली होती की मला ती मोडवेना. सून म्हणाली, "आई, तो उंदीर आपल्यापेक्षा चांगल्या घरात राहत होता."

कार्ब्युरेटर उघडून पेट्रोलने धुतला. त्यातलं एक भोक सुईच्या नेढ्याहून बारीक. तिथे तार घालायची नाही, भोक मोठं होतं, फक्त फुंकर मारायची. इंजिनातलं तेल काढलं, ते डांबरासारखं निघालं. नवीन भरलं. प्लग नवा, क्लचची वायर नवी, चेन आणि तिची दोन्ही चक्रं नवी. चेन बसवल्यावर मध्यभागी बोटाने वर उचलून बघायची, दोन बोटांएवढी हलली पाहिजे. ताणून बसवली तर तुटते, सैल राहिली तर उतरते. दुधाचे आकडे कापून टाकले. सीटचं कव्हर मी शिवलं, जाड काळ्या रेक्झिनचं, दुहेरी शिवण घालून. ते करताना माझ्या मशीनच्या दोन सुया मोडल्या. आणि शेवटी ब्रेक. दोन्ही चाकांचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतल्या पट्ट्या, झिजून पार पत्र्याला लागले होते. चाचांनी नवे घातले.

किक मारायचा मान सुनेचा. सात किकांना काही नाही. आठव्या किकला गाडी अशी खोकली, जसा कोणी म्हातारा झोपेतून उठला, आणि चालू झाली. बाजूच्या चहावाल्याने शिट्टी मारली. निळसर धूर येतो का म्हणून चाचा मागे वाकून बघत राहिले. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. नाही आला.

मग शिकणं. संध्याकाळी मुलगा फर्स्ट शिफ्टहून आला की तिला मैदानावर न्यायचा. पहिले चार दिवस गाडी नुसती उडी मारून बंद पडायची. तो म्हणायचा, "क्लच हळू सोड." ती म्हणायची, "हळूच सोडतेय." पाचव्या दिवशी मी गेले. तिला म्हटलं, "अगं, तू माझ्या मशीनवर बसायला लागलीस तेव्हा आधी काय करायचीस? पायडल एकदम दाबायचीस, दोरा तुटायचा. मग चाक हाताने जरा फिरवून, मशीनने पहिला टाका धरला की पाय टाकायला लागलीस. तसंच. इंजिन टाका धरेल तिथे क्लच थांबव, मग सोड." तिने थांबवला, सोडला, आणि गाडी निघाली. मैदान संपेपर्यंत थांबायचं कसं हे तिला आठवेना, तो भाग वेगळा.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "काय हो, सासू पाना घेऊन बसते, सून गाडी उडवते, आणि मुलगा काय पोळ्या लाटतो?"

मी म्हटलं, "लाटतो. जाड लाटतो, पण लाटतो."

असं सगळं ठीक चाललं होतं. शिकाऊ लायसनचं पक्कं झालं. रुजू व्हायला आठवडा उरला, पुढच्या शुक्रवारी जायचं. आणि तेव्हा ब्रेक बोलायला लागले. दाबला की चीं करायचे. पुढचा बारीक आवाजात, मागचा जाड. चाचांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "नवे लायनर आहेत. थोडे दिवस ओरडतील. कोणी हात लावू नका." सुनेला सांगितलं होतं आणि मलाही सांगितलं होतं. माझ्या कानात ते शिरलंही. पण हाताला पटेना.

तू विचार कर. चाळीस वर्षं मी मशीनवर काढली. माझ्या हाताला एकच गोष्ट माहीत. मशीन चीं करायला लागलं की ते तहानलेलं आहे. कुपी घ्यायची, लांब नळीने दोन थेंब सोडायचे, चाक फिरवायचं, आवाज गेला. रोज सकाळी शटर उघडलं की देवाला उदबत्ती आणि मशीनला तेल, हे माझं ठरलेलं. आणि इथे दिवसभर माझ्या दारापुढे उभी असलेली गाडी, ढकलली तरी चीं चीं करतेय, आणि मी ऐकत बसू?

जायच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी चाचा गॅरेजचं शटर ओढून नमाजला गेले. मी कुपी घेऊन बाहेर आले. मागच्या चाकातला ब्रेकचा गोल डबा, म्हणजे ड्रम, आणि त्याच्यावरचं झाकण यांच्यात एक बारीक फट असते. कुपीची नळी बरोबर आत गेली. जणू त्यासाठीच केली होती. चाक फिरवत फिरवत सोडलं. मग पुढच्याला. मशीनला दोन थेंब पुरतात, पण ही एवढी मोठी गाडी, म्हणून सढळ हाताने. कुपी अर्धी झाली. चाक फिरवलं, ब्रेक दाबला, आवाज बंद. मी खूश होऊन ब्लाउज शिवायला बसले.

सून दवाखान्यातून आली, गाडी जरा पुढेमागे करून बघितली आणि म्हणाली, "आई, आवाज गेला की!" मी हसले. सांगितलं नाही. म्हटलं, सोमवारी चाचांनाच सांगू, बघा, तुमच्या चार-आठ दिवसांचं काम मी पाच मिनिटांत केलं.

शनिवारी गाडी उभीच होती. रविवारी सकाळी सून म्हणाली, "आई, आज मागे बसा. मागे माणूस असताना चालवायची सवय पाहिजे." मी बसले. गल्लीतून हळूहळू निघालो. ती गिअर कमी करत थांबायची, त्यामुळे ब्रेकचं काही कळलं नाही. गंगापूर रोडला लागलो. तिथे रोपांच्या नर्सऱ्यांकडे उतरतो तो उतार आला आणि पुढे एक ट्रॅक्टर आडवा वळला. सुनेने ब्रेक दाबला. गाडीने काही ऐकूनच घेतलं नाही. तुपावरून घसरल्यासारखी चालली आपली. तिने पुन्हा दाबला. मग तिचं डोकं चाललं म्हणून बरं. तिने हँडल डावीकडे घेतलं आणि आम्ही दोघी एका नर्सरीच्या दारातल्या लाल मातीच्या ढिगात शिरलो.

लागलं काही नाही. माझा गुडघा खरचटला, तिच्या तोंडात माती गेली. नर्सरीवाला झारी हातात घेऊन धावत आला. आधी त्याने गुलाबाची रोपं बघितली, मग आम्हाला बघितलं. म्हणाला, "मावशी, माती पाहिजे होती तर पोत्यात भरून दिली असती."

मी हसले. सून हसली नाही. ती ढिगावर बसून राहिली होती, उजवा हात अजून ब्रेक धरल्यासारखा वळलेला. मला म्हणाली, "आई, मी दाबला होता. तुम्ही बघितलं ना? दाबला होता ना मी?"

मी म्हटलं, "दाबला असशील."

तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं. तरी हे दोन शब्द आठवले की अजून मान खाली जाते.

सोमवारी मुलाची सेकंड शिफ्ट होती, म्हणून तो सकाळीच गाडी घेऊन चाचांकडे गेला. मी माझ्या मशीनवर. चाचांनी मागचं चाक काढलं, ड्रम उघडला. लायनर ओले, चकाकत होते. त्यांनी एक बोट फिरवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. गाडीचं तेल काळपट असतं, जड असतं. हे पाण्यासारखं पातळ, बिनरंगाचं. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्या मशीनवरच्या कुपीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तेव्हा मला कळलं.

मुलगा म्हणाला, "काय झालं?"

चाचा म्हणाले, "तेल गेलंय आत."

"कुठून? कोणी घातलं? गाडी तुमच्याकडेच होती ना?"

"हो, माझ्याकडेच होती," चाचा खाली बघून म्हणाले. "ग्रीस जादा झालं असेल."

"असेल म्हणजे? माझी बायको आणि आई होती गाडीवर! मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, चाचा. एकच."

चाचा फडक्याला हात पुसत राहिले. आणि तेल माझं, हे मीही सांगितलं नाही. एका बाहीची शिवण मी दोनदा घातली, मग उसवली, मग पुन्हा घातली. खरं सांगू? मला चाचांची भीती नव्हती, मुलाचीही नव्हती. साठी उलटलेल्या बाईला 'तुला कळत नाही तिथे हात घालू नकोस' असं कोणी म्हणेल, त्याची भीती होती. इतकी वर्षं कोणी म्हटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी सून पांढरा ड्रेस इस्त्री करत होती. रुजू होताना घालायचा तो. अर्धा झाला आणि तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. म्हणाली, "मी आज फोन करून 'येत नाही' म्हणून सांगते."

मुलगा म्हणाला, "चाचा नवे लायनर घालतायत. दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊ पाहिजे तर."

"लायनरचं नाही हो. तेल होतं हे मान्य. पण मला अजून कळत नाही, मी दाबला की घाबरून नुसता धरला. ते मला आठवतच नाही. घाटात असं झालं तर? मागे बाळंतीण बसलेली असली तर? मी आधी नीट शिकते. पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ नव्हती. ते पत्र तिघांनीही वाचलेलं होतं.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "तू दाबला होतास. तेल मी घातलं."

मुलाने विचारलं, "कुठलं तेल?"

"मशीनचं. शुक्रवारी. चीं चीं करत होता म्हणून."

सुनेने विचारलं, "किती?"

"अर्धी कुपी."

"दोन्ही चाकांत?"

"दोन्ही."

ती इस्त्रीच्या टेबलाला टेकली. "म्हणजे मी दाबला होता."

"जीव तोडून दाबला होतास. मी मागेच होते. तुझा खांदा मला दिसत होता ना."

मला वाटलं, आता ती हसेल. ती म्हणाली, "हे तुम्हाला काल कळलं होतं ना, आई? मग काल का नाही बोललात? काल दिवसभर मी..." आणि तिने अर्धाच इस्त्री झालेला ड्रेस घडी घालून ठेवला. मुलगा उठून गॅलरीत गेला. तिथूनच म्हणाला, "आई, चाचांना मी काय काय बोललो काल." मी म्हटलं, "चल, आपण दोघं जाऊ."

चाचांनी आम्हाला बघितलं आणि आधी चहा सांगितला. मुलाने माफी मागितली, मी माझं सांगितलं. ते म्हणाले, "मला वासच आला होता, टेलरताई. पण बारा वर्षांत मी तुमच्या मशीनमध्ये कधी ग्रीस भरलं का? मग तुम्ही माझ्या ड्रममध्ये तेल का भरलं?"

मी म्हटलं, "ओरडत होता ना पण तो."

"मशीनचं काम फिरायचं, म्हणून त्याला तेल. ब्रेकचं काम थांबवायचं. घासल्याशिवाय थांबवणार कसा? तेल पाजलं की तो बिचारा नुसता कुरवाळत बसतो." मग मुलाकडे वळून म्हणाले, "आणि तेल प्यालेले लायनर पुन्हा कोरडे होत नाहीत. कोणी सांगितलं धुऊन घ्या, वाळवून घ्या, तर ऐकू नका. फेकायचेच."

दुपारी सून आली. जुना पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. सकाळपासून माझ्याशी बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. चाचांना म्हणाली, "चाक मी उघडते. तुम्ही बघा फक्त. तिकडे वर मला तुम्ही मिळणार नाही."

पहिल्यांदा एक तास लागला. एक्सलचा नट सुटेना. तिने पान्यावर पाय देऊन उभं राहून सोडवला. ड्रम पेट्रोलने धुतला, कोरडा केला, पॉलिश पेपरने आतून घासला. नवे लायनर, त्यांची स्प्रिंग, मग चाक, मग चेनचा ताण. चाचा स्टूल घेऊन बसून होते. चुकली की नुसते "हं" म्हणायचे. बसवून झालं की म्हणाले, "आता परत खोला." तिने तोंड वाकडं केलं आणि खोललं. बुधवारी आणखी दोनदा केलं. शेवटच्या वेळी वीस-बावीस मिनिटं लागली. आणि तेव्हा पहिल्यांदा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तो पाना द्या." मी उठून दिला. कुपी मी तेव्हाच मशीनच्या ड्रॉवरमध्ये घालून ठेवली होती.

गुरुवारी ती त्याच उतारावरून तीन वेळा उतरली, एकटी. नर्सरीवाला म्हणे दारात खुर्ची टाकून बसला होता.

शुक्रवारी सकाळी सहाला दोघं निघाले. ती पुढे, मुलगा मागे. तो तिला पोचवून जीपने परत येणार होता. दिंडोरी गेली, वणी गेली, मग वणीच्या पुढचा घाट. माझ्या डोळ्यांपुढे सगळा रस्ता. मी दुकान उघडलं, मशीनला तेल घालायला हात गेला आणि तसाच थांबला. त्या दिवशी तेल न घालताच शिवलं. एक परकर तेवढा झाला, तोही नाडी घालायला जागा न ठेवता.

साडेदहाला फोन आला. फोन मुलाने केला होता, पण बोलत होती ती. "आई, पोचलो. डॉक्टरांनी सही घेतली."

"घाटात?"

"घाटात मी मुद्दाम दोनदा थांबले. उतारावर, मधेच. थांबली गाडी. जिथे म्हटलं तिथे थांबली. पण तुमचा मुलगा! दर वळणाला मागे बसून स्वतःच पाय दाबत होता. माझ्या पोटऱ्या दुखायच्या ऐवजी त्याच्या दुखतायत."

मागून मुलाचा आवाज आला, "खोटं आहे, आई." आणि तिकडे दोन-तीन बायका हसल्याचं ऐकू आलं. त्या कोण, ते मला नंतर कळलं. पाड्यांवर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई होत्या त्या. नवी नर्स नवऱ्याला मागे बसवून आली, म्हणून बघायला जमल्या होत्या.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. तिकडेच खोली घेऊन राहते ती. पंधरा दिवसांनी घरी येते. पावसाळ्यात तिकडे चेनमध्ये इतका चिखल जातो की आली की आधी गाडी धुते, मग स्वतः. गेल्या महिन्यात एका पाड्यावर शिक्षकाच्या गाडीचा ब्रेक लागेना, तर चाक हिने उघडून दिलं. मला फोनवर म्हणाली, "आई, तुमच्यामुळेच शिकले." हे कौतुक होतं का टोमणा, ते मी विचारलं नाही.

तुला तेल कुठून बघतात ते तीच दाखवेल, चाकही तीच उघडायला शिकवेल. मला चाकाजवळ बसायची परवानगी नाही, मी आपली लांबून चहा देणार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी ती येते आणि रविवारी दुपारपर्यंत असते. येताना नागलीचं पीठ आणते, भाकरी मी थापीन. मनमाड काही लांब नाही. पुढच्याच रविवारी ये. उशीर करू नकोस, आणि निघण्याआधी फोन कर. आल्यावर नाही.